तणनाशकात ‘स्टिकर’ टाकल्यावर पानावर नेमकं काय होतं?

जून संपत आला की बुलडाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात एकच विषय असतो, सोयाबीनमधलं तण. मेहकर तालुक्यातल्या डोणगावात आणि आसपासच्या गावांत पेरणीला पंधरा-वीस दिवस झाले की कृषी सेवा केंद्रावर तणनाशकासाठी गर्दी सुरू होते. डबा हातात पडला की काउंटरवरून ठरलेला प्रश्न येतो, “सोबत स्टिकर देऊ का?”

बरेच जण घेतात. काही जण पैसे वाचवायला घरचा शाम्पू किंवा कपडे धुण्याची पावडर टाकतात. काही जण काहीच टाकत नाहीत. दहा-पंधरा दिवसांनी एकाच्या शेतातलं तण पिवळं पडलेलं असतं आणि शेजारच्या शेतात केना तसाच हिरवागार. औषध एकच, पाऊस एकच, मग फरक कुठे पडला?

हा प्रश्न छोटा नाही. सोयाबीनला तणाचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो पेरणीनंतरच्या पहिल्या ३० ते ४५ दिवसांत. पिकासोबत उगवलेलं तण मारण्यासाठी तणनाशकाची योग्य वेळ त्यातही फार थोडी असते, साधारण १५ ते २० दिवसांच्या आसपास, तण दोन ते चार पानांवर असताना. ही फवारणी फसली तर तण मोठं होतं, मोठं तण औषधाला जुमानत नाही आणि निंदणाला मजूर मिळेलच असं नाही. म्हणून स्टिकर नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे समजून घेणं गरजेचं आहे.

पानावर पाणी टिकत का नाही?

‘अळवावरचं पाणी’ हा शब्दप्रयोग आपण क्षणभंगुर गोष्टीसाठी वापरतो. पण त्यात एक शुद्ध वैज्ञानिक निरीक्षण आहे. अळूच्या पानावर पाणी टाकलं की ते पसरत नाही, मोत्यासारखं गोळा होतं आणि घरंगळून जातं.

याचं कारण पानावरचं मेण. जवळपास प्रत्येक झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. अळू आणि कमळाच्या पानावर या मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे थेंबाला पानाला चिकटायला जागाच मिळत नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले बार्थलॉट आणि नाइनहाउस या दोन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ही यंत्रणा सविस्तर मांडली. तिलाच आज ‘लोटस इफेक्ट’ म्हणतात.

दुसरं कारण पाण्यातच आहे. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे थेंब गोल राहायला बघतो. याला पृष्ठताण म्हणतात. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. पाण्यात योग्य सरफॅक्टंट मिसळलं की तो ३० ते ३५ वर येतो. ऑर्गॅनोसिलिकॉन प्रकारचं सरफॅक्टंट तर तो २० ते २२ पर्यंत खाली आणतं. पृष्ठताण उतरला की गोल थेंब चपटा होतो आणि पानावर पसरतो.

सोयाबीनमध्ये उगवणारी सगळी तणं अळूइतकी मेणचट नसतात. पण अनेक गवतांची पानं उभी आणि मेणचट असतात, त्यांच्यावर मोठे थेंब आपटून उडतात. काही रुंद पानांच्या तणांवर लव असते, तिथे थेंब केसांवरच अडकून पानाला न टेकता वाळतो. औषध फवारलं जातं, पण पानाला लागतच नाही.

पानाला लागलं म्हणजे आत गेलं का?

नाही. खरी अडचण इथून सुरू होते.

पानाच्या सगळ्यात बाहेर जे आवरण असतं त्याला क्युटिकल म्हणतात. ते मेण आणि क्युटिन नावाच्या पदार्थाचं बनलेलं असतं. जाडी बहुतेक पानांत काही मायक्रॉनच, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ. पण झाडातलं पाणी बाहेर जाऊ न देणं हे त्याचं कामच आहे, आणि जे आवरण पाणी बाहेर जाऊ देत नाही ते पाण्यात विरघळलेलं औषधही सहज आत घेत नाही.

या आवरणातून आत जायचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. तेलात विरघळणारी औषधं मेणातून वाट काढतात. पाण्यात विरघळणाऱ्या औषधांना मात्र क्युटिकलमधल्या ओलसर, अतिसूक्ष्म जागांतून जावं लागतं. हा दुसरा रस्ता अरुंद आहे आणि पान कोरडं पडलं की तो जवळपास बंद होतो.

मग पानाची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं? त्यातून औषध आत जात असेल असं अनेकांना वाटतं. साधं पाणी त्यातून आपोआप आत शिरत नाही. शॉनहेर आणि बुकोव्हाक या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवलं की द्रवाचा पृष्ठताण साधारण २५ ते ३० च्या खाली गेला तरच तो रंध्रांतून आत शिरू शकतो. म्हणजे हा रस्ता बहुतेक साध्या स्टिकरनेही उघडत नाही, ऑर्गॅनोसिलिकॉनने उघडू शकतो. शिवाय बऱ्याच झाडांची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात आणि फवारा पडतो वरून.

तिसरी गोष्ट वेळेची. थेंब ओला आहे तोवर औषध आत सरकत राहतं. थेंब वाळला की औषधाचे स्फटिक पानावर पडून राहतात आणि आत जाण्याचा वेग एकदम मंदावतो. भर दुपारी, कोरड्या वाऱ्यात फवारलेला बारीक थेंब काही मिनिटांत वाळतो. सकाळच्या दमट हवेत तोच थेंब जास्त वेळ ओला राहतो.

एक नाव, पाच वेगळ्या वस्तू

दुकानात सगळ्यालाच ‘स्टिकर’ म्हणतात. प्रत्यक्षात या नावाखाली वेगवेगळी कामं करणारे पदार्थ येतात.

१. स्प्रेडर: थेंब पसरवतो. साधी नॉन-आयोनिक सरफॅक्टंट आणि ऑर्गॅनोसिलिकॉन या गटात येतात.

२. स्टिकर: खऱ्या अर्थाने चिकटवणारा पदार्थ. औषध पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून वापरतात. बुरशीनाशकाला याचा उपयोग जास्त, कारण ते पानावरच राहायला हवं असतं. तणनाशकाला पानात शिरायचं असतं.

३. तेल: खनिज तेल किंवा बियांच्या तेलापासून बनवलेलं मिथिलेटेड तेल. हे मेण मऊ करतं आणि थेंब उशिरा वाळू देतं.

४. ओलावा धरणारे पदार्थ: ग्लिसरीनसारखे. हवा कोरडी असताना थेंब ओला ठेवतात.

५. पाणी सुधारणारे पदार्थ: यात सगळ्यात जास्त वापरलं जातं अमोनियम सल्फेट. हे पानावर नाही, टाकीतल्या पाण्यावर काम करतं.

यातला कुठलाच पदार्थ तण मारत नाही. प्रत्येक जण औषधाच्या वाटेतला एक ठरावीक अडथळा दूर करतो. अडथळा थेंब घरंगळण्याचा असेल तर स्प्रेडर कामाला येईल. अडथळा जड पाण्याचा असेल तर कितीही स्प्रेडर ओता, उपयोग नाही.

कोणत्या तणनाशकाला काय लागतं?

डब्यावर औषधाच्या नावापुढे दोन अक्षरं असतात. ती वाचली तरी बराच अंदाज येतो. ‘एसएल’ म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रावण. ‘ईसी’ म्हणजे तेलकट द्रावण, ज्यात औषध पाण्यात मिसळावं म्हणून कंपनीने आधीच विद्रावक आणि इमल्सिफायर घातलेले असतात.

सोयाबीनमध्ये बराच काळ वापरात असलेलं इमॅझेथापायर १० टक्के एसएल घ्या. ते पाण्यात असतं, त्यामुळे मेणाचा अडथळा त्याला जाणवतो. म्हणूनच काही कंपन्यांच्या पॅकमध्ये डब्यासोबत सरफॅक्टंट आणि अमोनियम सल्फेटची पुडी येते. ही जाहिरातीची भेटवस्तू नाही, तो शिफारशीचाच भाग आहे. पुडी बाजूला ठेवून नुसतं औषध फवारलं तर तणात जाणारी मात्रा कमी पडू शकते. हे औषध हळू काम करतं. तणाची वाढ आधी थांबते, शेंडा पिवळा पडतो आणि पूर्ण मरायला दोन-तीन आठवडे लागतात.

गवतवर्गीय तणांसाठीचं क्विझॅलोफॉप इथाइल ५ टक्के ईसी वेगळं आहे. त्याला मेणातून जाणं तुलनेने सोपं आहे आणि तेलाचा जोड त्याला मानवतो. पण डब्यात आधीच पुरेसं काही आहे का, हे लेबल सांगतं.

फोमेसाफेनसारखी औषधं रुंद पानांच्या तणांचं जिथे लागेल तिथलं पान जाळतात. इथे आत खोल जाण्यापेक्षा पानभर पसरणं महत्त्वाचं. सोयाबीनच्या पानावरही त्याचे थोडे करपलेले ठिपके येतात. लेबलबाहेरचं जास्तीचं तेल किंवा सरफॅक्टंट टाकलं तर हे ठिपके वाढतात.

ग्लायफोसेट हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. ते पाण्यात अतिशय सहज विरघळतं, म्हणून मेण ओलांडणं त्याला फार कठीण जातं. १९७४ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं तेव्हापासून त्याच्या तयार द्रावणांत सरफॅक्टंट घातलेलं असतं. ऑर्गॅनोसिलिकॉन त्याला अनेक रुंद पानांच्या तणांत लवकर घुसवतं, पण काही गवतांत त्याच्यामुळे ग्लायफोसेटचं शोषण उलट कमी झाल्याचं न्यूझीलंडमधल्या संशोधकांना १९९० च्या दशकात आढळलं. म्हणजे महागडं स्टिकर प्रत्येक वेळी फायद्याचं ठरेलच असं नाही. ग्लायफोसेट उभ्या सोयाबीनवर चालत नाही, ते पीकही मारतं. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने त्याची फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरती मर्यादित केली होती.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं

बुलडाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली पाण्याची चव बदलते. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावतीपर्यंत पसरलेला खारपाणपट्टा आहे. डोणगाव घाटावर येतं, पण बेसाल्ट खडकातल्या विहिरी आणि बोअरचं पाणीही अनेकदा जड असतं. भांड्यावर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, ही त्याची घरगुती खूण.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ग्लायफोसेटसारखी औषधं त्यांना टाकीतच बांधली जातात आणि अशी बांधलेली औषधं पानात नीट शिरत नाहीत. अमोनियम सल्फेट इथे कामाला येतं. त्यातलं सल्फेट कॅल्शियमला पकडतं आणि अमोनियम औषधाशी जोडी जमवतं, जी पानात सहज जाते. म्हणून ते औषधाच्या आधी पाण्यात विरघळवायचं असतं. औषध आधी ओतलं तर कॅल्शियम आपलं काम करून मोकळं झालेलं असतं.

नाल्याचं गढूळ पाणी हा दुसरा धोका. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटतं की ते निकामी होतं. गढूळ पाण्याला कुठल्याच स्टिकरचा इलाज नाही. पानांवर धूळ बसली असेल तर तिथेही हेच घडतं.

शाम्पू, पावडर, मीठ, युरिया?

शाम्पू आणि कपडे धुण्याच्या पावडरीनेही पृष्ठताण कमी होतो, म्हणून थेंब पसरलेला दिसतो. पण अडचणी तीन आहेत. फेस इतका होतो की पंप नीट भरत नाही आणि फवारा तुटतो. पावडरीत सोडा असतो, त्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि इमॅझेथापायरसारखी आम्लधर्मी औषधं पानात जायला आणखी नाखूश होतात. शिवाय कोणत्या पावडरीचं किती प्रमाण पिकाला सुरक्षित, हे कुणी तपासलेलं नसतं.

मिठाचं वेगळंच. मीठ मिसळलं की पान लवकर करपतं, त्यामुळे औषध ‘कडक’ लागलं असं वाटतं. पण लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या मुळ्या जमिनीखाली असतात. आंतरप्रवाही औषधाला तिथपर्यंत नेणारं पान जिवंत असावं लागतं. पानच आधी जळालं तर औषध वरच अडकतं आणि पंधरा दिवसांत नवा कोंब येतो. पान किती लवकर करपलं यावर तण मेलं की नाही हे ठरत नाही. आणि मीठ जमिनीत साठतं ते वेगळं.

युरिया आणि अमोनियम सल्फेट ही दोन्ही नत्राची खतं असली तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. युरियात सल्फेट नसतं, त्यामुळे जड पाण्यातलं कॅल्शियम तो पकडत नाही.

जास्त टाकलं तर?

पसरण्यालाही मर्यादा आहे. स्प्रेडर जास्त झालं आणि पाणीही भरपूर असलं की थेंब एकमेकांत मिसळतात, त्यांचा ओघळ होतो आणि औषध पानावरून जमिनीवर जातं. जे वाचवायला स्टिकर टाकलं तेच वाया.

दुसरा धोका पिकाला. सोयाबीन इमॅझेथापायर सहन करतं, कारण ते त्याचं विघटन लवकर करू शकतं. पण त्यालाही मर्यादा आहे. दार मोठं उघडलं की ते तणाचं आणि पिकाचं दोघांचं उघडतं. फवारणीनंतर सोयाबीन पिवळं पडून थबकलं तर लेबलबाहेरची भर हे त्याचं एक कारण असू शकतं.

तिसरा धोका फवारणाऱ्याला. जे पदार्थ मेण ओलांडायला मदत करतात, ते त्वचेला आणि डोळ्यांनाही सोडत नाहीत. ग्लायफोसेटमध्ये वापरलं जाणारं टॅलोअमाइन हे सरफॅक्टंट जलचरांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक असल्याचं दिसून आलं. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांत त्याच्या वापरावर बंदी घातली. विदर्भाला तर २०१७ विसरता येणार नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना झालेल्या विषबाधेत सुमारे २० जणांचा जीव गेला. ती औषधं वेगळी होती, पण अंगावर पडलेलं औषध शरीरात जातं हा धडा तोच आहे. स्टिकर मोजतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

सगळं बरोबर, तरी तण का मरत नाही?

अनेकदा दोष स्टिकरचा नसतो, हिशेबाचा असतो. इमॅझेथापायर १० टक्के एसएलची मात्रा साधारण हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरचे १३ पंप होतात आणि प्रत्येक पंपात ३० मिली औषध येतं. आता तेच ३० मिली ठेवून एकर ८ पंपांतच उरकला तर एकराला पडलं २४० मिली, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या ६० टक्के. ही तूट कुठलंही स्टिकर भरून काढत नाही. आधी साधं पाणी फवारून आपल्या चालीने एकराला किती पंप लागतात हे मोजलं, तर ही चूक होत नाही.

नोझलही बघायला हवं. कीटकनाशकासाठीचं गोल फवाऱ्याचं नोझल बारीक थेंब उडवतं, ते वाऱ्याने शेजारच्या पिकावर जातात. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लागतं.

आणि पावसाचा खंड. पंधरा दिवस ताण पडला की तण पानावरचं आवरण जाड करतं आणि आतली वाहतूकही मंदावते. अशा वेळी फवारणी करण्यापेक्षा एक पाऊस होऊन तण तरारलं की केलेली बरी. केना एकदा पसरला की त्याच्या पेरापेरातून मुळं फुटतात, जमिनीखालीही बी धरतं. तो लहान असतानाच गाठावा लागतो. मोठा झाला की निंदण किंवा डवरणीला पर्याय राहत नाही.

पंप भरताना हा क्रम लक्षात ठेवा

– आधी टाकी अर्धी स्वच्छ पाण्याने भरा.
– लेबलवर अमोनियम सल्फेट सांगितलं असेल तर ते बादलीत विरघळवून, गाळून टाका.
– मग मोजून तणनाशक टाका. झाकणाचा अंदाज नको, मोजपात्र वापरा.
– सरफॅक्टंट किंवा तेल शेवटी टाका आणि हळू ढवळा, म्हणजे फेस कमी होतो.
– उरलेलं पाणी भरा आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.
– नवीन स्टिकर पहिल्यांदाच वापरत असाल तर आधी दोन-चार ओळींवर फवारून तीन-चार दिवस पीक बघा.

आणि दुकानात “स्टिकर देऊ का?” असं विचारलं गेलं की आधी डब्यासोबतची घडीपत्रिका उघडा. त्यात सरफॅक्टंटचा उल्लेख असेल तर कोणतं आणि किती, हे तिथेच लिहिलेलं असतं. उल्लेख नसेल तर ते आधीच द्रावणात असण्याची शक्यता मोठी आहे. ते वाचूनही शंका राहिली तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं. तो एक फोन वाया गेलेल्या फवारणीपेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.